फिल्ममध्ये हात दिसला तरी चालेल



दिवाळीची सुट्टी आठ दिवसांवर आली की वर्गाच्या पालक-ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. "बाई, सुट्टीत मुलं दिवसभर मोबाईल सोडत नाहीत, काहीतरी उपाय सांगा." त्याखाली लगेच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. गेली तीन वर्षं माझा उपाय एकच आहे. मोबाईल काढून घेऊ नका, बांधून ठेवा. स्टुलाला, रबरबँडने. आणि त्याच्या खाली फरशीवर मुलांना खेळू द्या.

म्हणजे काय, तर स्टॉप मोशन. वस्तू ठेवायची, फोटो काढायचा. वस्तू जराशी सरकवायची, पुन्हा फोटो. असे चाळीस फोटो भराभर एकामागून एक दाखवले की काडेपेटी आपोआप चालायला लागते. गंमत अशी की ती प्रत्यक्षात चाललेली कॅमेऱ्याने एकदाही पाहिलेली नसते. तिला सरकवणारा हात दोन फोटोंच्या मध्ये येऊन जातो आणि मधली हालचाल आपला मेंदू भरून काढतो.

कसं करायचं याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. थोडं मीही पुढे सांगणारच आहे. पण आज लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने. मुलांची पहिली फिल्म घरी होते तेव्हा आपण मोठी माणसं तिथे नेमकं काय बिघडवतो, हे मला सांगायचं आहे. आधी माझंच सांगते.

मागच्या दिवाळीला मी सहावीच्या वर्गाला सांगितलं होतं, "ज्यांना जमेल त्यांनी पाच-दहा सेकंदांची फिल्म करून आणा." सक्ती नव्हती. सुट्टी संपल्यावर अकरा फिल्म आल्या. शनिवारी शेवटच्या तासाला स्मार्ट टीव्हीवर लावल्या. एक फिल्म बघून मी थक्कच झाले. मातीचा उंदीर येतो, मोदक उचलतो, मागे छान रंगवलेला पडदा, वर संगीत, शेवटी फिरत फिरत येणारं नाव. मी टाळ्या वाजवायला लावल्या, म्हटलं, "बघा रे, अशी करायची!" ज्याची फिल्म होती तो मुलगा मात्र खिडकीबाहेर बघत होता.

लगेच पुढची फिल्म एका मुलीची. सहा सेकंदांची. चिंचोके एकामागून एक येतात, गोल करतात आणि त्या गोलातून एक चिंचोका पळून जातो. बस, एवढंच. मधेच उजेड कमीजास्त होत होता आणि तीन ठिकाणी तिचा हात, काचेच्या बांगडीसकट, चित्रात आला होता. वर्ग हसला. मी पण हसले आणि म्हणाले, "अगं, हात आलाय बघ. पुढच्या वेळी काळजी घे."

मधल्या सुट्टीत उंदीरवाला मुलगा टेबलापाशी आला. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "बाई, त्यात मी फक्त शेपूट हलवली."

खरं सांगते, तेव्हा मला वडिलांचाच राग आला. स्वतःची चूक कळायला फेब्रुवारी उजाडला. विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने मी चिंचोकेवालीला विचारलं, "काय गं, नवीन फिल्म केलीस का?" ती म्हणाली, "नाही बाई. माझा हात येतो."

या वाक्यापाशी मी बरेच दिवस अडकून पडले. ज्याच्या फिल्ममध्ये त्याचा हात नव्हताच, त्याला मी टाळ्या दिल्या. जिच्या फिल्ममध्ये सगळं तिच्याच हाताने झालं होतं, तिला तोच हात लपवायला सांगितला. आणि तिने तो लपवला. कायमचाच.

हात दिसणं हा या कलेत मोठा गुन्हा असता, तर एक वेळ समजलं असतं. पण जुन्या नावाजलेल्या फिल्म बारकाईने बघितल्या की तिथेही हात दिसतो. १९३३ सालच्या 'किंग काँग'मध्ये त्या अजस्र वानराच्या अंगावरचे केस सारखे सळसळताना दिसतात. वारा सुटलाय म्हणून नाही. विलिस ओब्रायन आणि त्यांचे सहकारी छोट्या बाहुलीला सशाची कातडी लावून ती फोटोफोटोला हलवत होते. प्रत्येक वेळी बोटं लागली की केस विस्कटायचे, ते तसेच चित्रात उतरले. इंग्लंडच्या निक पार्क यांच्या 'वॉलेस अँड ग्रॉमिट'मधल्या मातीच्या चेहऱ्यांवर तर बोटांचे ठसे सरळ दिसतात. लोकांना ते आवडतात, कारण कुणीतरी हे हाताने केलंय हे त्यातून कळतं. हे निक पार्क तेरा-चौदा वर्षांचे असताना आईच्या घरगुती कॅमेऱ्यावर फिल्म करायला लागले. 'अ ग्रँड डे आउट' ही वॉलेस-ग्रॉमिटची पहिली फिल्म त्यांनी शिकत असताना सुरू केली आणि ती पूर्ण झाली १९८९ साली, मध्ये कितीतरी वर्षं गेल्यावर. आपण मात्र मुलांकडून सोमवारी सकाळी तयार फिल्म मागतो.

आणि लांब कशाला जायचं? आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात घरातच झाली आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. मोठा सिनेमा काढायचा होता, पण पैसे घालायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा त्यांनी एक वाटाणा पेरला आणि त्याला कोंब फुटून रोप वाढेपर्यंत दिवसामागून दिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. 'अंकुराची वाढ' ही ती छोटीशी फिल्म. दिवसच्या दिवस लागणारी वाढ पडद्यावर बघता बघता होते हे पाहिल्यावर भांडवल मिळालं, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. या सगळ्यात सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले, वर फिल्म धुण्यासारखी तांत्रिक कामंही त्या शिकल्या. पाठ्यपुस्तकात आपण 'भारतीय चित्रपटाचे जनक' एवढं पाठ करून घेतो आणि पुढे जातो. वाटाण्याची गोष्ट सांगितली तर मुलं त्याच दिवशी घरी जाऊन वाटीत मटकी भिजत घालतात. माझ्या वर्गात घातली होती.

काटेकोर बोलायचं तर वाटाण्याचं चित्रण म्हणजे टाइम-लॅप्स. तिथे रोप आपलं आपण वाढतं, आपण फक्त थांबून थांबून बघायचं. स्टॉप मोशनमध्ये वस्तू हलवणारे आपणच. फाळक्यांनी तेही केलं. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाची छोटी फिल्म केली, काडेपेटीतल्या काड्यांची. त्याआधी फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी काड्या नाचवलेल्या होत्या. फाळक्यांची ती फिल्म आज आपल्याला बघायला मिळत नाही, पण काय वापरलं ते बघा. काड्या! घरात जे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त, ते. मुलांच्या हाती आगपेटी मात्र देऊ नका, आइस्क्रीमच्या काड्या किंवा खराट्याचे तुकडे पुरतात.

आता घरी करायचं कसं, ते सांगते. पालकांनी एवढा भाग नीट वाचावा, कारण तुमचं खरं काम इथे आहे आणि इथेच संपतं.

पहिल्या फिल्मला मातीची उभी बाहुली नको. ती वाकते, कलंडते, उन्हात भेगाळते आणि मूल रडकुंडीला येतं. आडव्या गोष्टींपासून सुरुवात करा. फरशीवर चिंचोके, बाटलीची झाकणं, बटणं, कागदाची कात्रणं. त्या पडत नाहीत. फोन वरून खाली बघणारा हवा. साधं स्टूल घ्या, फोनचं कॅमेऱ्याचं टोक स्टुलाच्या कडेबाहेर येईल असा तो आडवा ठेवा आणि मधोमध रबरबँड नाहीतर चिकटपट्टी लावून पक्का करा. ट्रायपॉड विकत आणू नका, निदान पहिल्या फिल्मला तरी नको. स्टुलाचे पाय फरशीवर जिथे टेकतात तिथे खडूने खुणा करा, म्हणजे मांजराने धक्का दिला तरी ते परत जागेवर ठेवता येतं. आमच्याकडे मांजराने दिला होता.

बटण दाबताना फोन हलतो आणि सगळी फिल्म थरथरते. वायरवाला इअरफोन असेल तर तो लावा, पुष्कळ फोनमध्ये त्याच्या आवाजाच्या बटणाने फोटो निघतो. नसेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा. फोटो काढायच्या आधी पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये उजेड आणि फोकस एका जागी कुलूपबंद होतात. ते केलं नाही तर प्रत्येक फोटोत फोन आपल्या मनाने उजेड कमीजास्त करतो. आणि फोन एरोप्लेन मोडवर टाका. तेविसाव्या फोटोला मामाचा फोन येतो, मूल फोन उचलतं, आणि मग पहिल्यापासून सगळं.

उजेडाचं एक गुपित सांगते. दिवसा खिडकीतून येणारा प्रकाश छान वाटतो, पण ढग आला, ऊन सरकलं, की चित्र लुकलुकतं. चिंचोकेवालीच्या फिल्मला तेच झालं होतं. रात्री एकच दिवा लावून केलेली फिल्म जास्त स्थिर येते. दिवा बाजूला ठेवा, मुलाची सावली चित्रावर पडणार नाही असा. जुन्या ट्यूबलाइटखाली कधी कधी फोटोत पट्टे येतात, तेव्हा टेबललॅम्प बरा. फिकट शर्ट घालून वर वाकलं तरी त्याचा उजेड खाली पडतो, हे मला एका मुलाने शोधून दाखवलं. मी सांगितलेलं नव्हतं.

फोटो जोडायला 'स्टॉप मोशन स्टुडिओ' नावाचं ॲप आहे, त्याची फुकट मिळणारी आवृत्ती पहिल्या फिल्मला भरपूर होते. त्यात मागचा फोटो पुसटसा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा, आत्ताच्या चित्रावर दिसतो. वस्तू किती सरकली ते त्यावरून कळतं. एका सेकंदाला किती फोटो तेही ठरवता येतं. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात आणि ॲनिमेशनवाले पुष्कळदा १२ फोटोंवर भागवतात, एकेक फोटो दोनदा दाखवून. मुलांनी १० धरावेत, कारण हिशेब सोपा जातो. चाळीस फोटो, चार सेकंदांची फिल्म. तेवढी पुरे. दोन मिनिटांची गोष्ट सांगायची म्हटलं तर बाराशे फोटो काढावे लागतील, हे मुलाला आधी स्वतःला काढू द्या. ते गणित सुटलं की गोष्ट आपोआप आखूड होते.

आणि इथेच मला ही गोष्ट शिक्षक म्हणून मोलाची वाटते. वेग शिकवताना आपण नेहमी आगगाडी आणि फलाट घेतो. इथे मुलाला झाकण ३० सेंटिमीटर न्यायचं असतं. दर फोटोला एक सेंटिमीटर सरकवलं तर तीस फोटो, म्हणजे तीन सेकंद. अर्धा सेंटिमीटर सरकवलं तर सहा सेकंद. "हळू चालवायचं तर जास्त फोटो काढायला लागतात" हे वाक्य माझ्या वर्गातल्या मुलाने म्हटलं तेव्हा व्यस्त प्रमाण शिकवायचं माझं काम निम्मं झालं होतं.

त्याहून भारी प्रयोग पडणाऱ्या चेंडूचा. कागदाचा गोल चेंडू कापा, फरशीवर वरून खाली ३२ सेंटिमीटर न्या, आठ टप्प्यांत. पहिल्यांदा दर टप्प्याला सारखे चार सेंटिमीटर. फिल्म लावली की मुलं म्हणतात, हा पडत नाहीये, कुणीतरी दोरीने खाली सोडतंय. आता पुन्हा आठच टप्पे, पण अंतरं अशी: अर्धा, दीड, अडीच, साडेतीन, साडेचार, साडेपाच, साडेसहा, साडेसात. बेरीज करून बघा, ३२ च येते. फोटो तेवढेच, वेळ तेवढाच, अंतर तेवढंच, पण आता चेंडू पडतो! गॅलिलिओने दाखवलं होतं की पडणारी वस्तू सारख्या वेळात कापते ती अंतरं १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढत जातात. तेच हे, फक्त निम्मं केलेलं. सहावीच्या मुलांना मी गुरुत्वाकर्षणाचं सूत्र सांगितलं नाही. त्यांच्या डोळ्यांना खोटं पडणं आणि खरं पडणं यातला फरक कळला, तेवढं मला बास होतं. नववीच्या सरांनी तोच प्रयोग उचलला आणि फळ्यावर आलेखही काढून घेतला.

दुसऱ्या-तिसऱ्या फिल्मला कागदी कात्रणांचे हातपाय दोऱ्याने जोडून माणसं करता येतात. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी अशीच काळी कात्रणं हलवत अख्खा सिनेमा केला, 'प्रिन्स अख्मेद'च्या साहसांचा. १९२६ साली तो आला आणि त्याला तीन वर्षं लागली होती. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजातले कलाकार चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी अजूनही सादर करतात. कोकणातल्या शाळांनी सहल काढावी तर तिथे काढावी. सांध्याला जोडलेला बाहुलीचा हात कसा हलतो हे तिथे बघून आलेल्या मुलाला कात्रणाचं माणूस कसं करायचं ते समजावून सांगावं लागत नाही. पण हे सगळं पुढचं. पहिल्याच दिवशी बाहुल्यांच्या मागे लागू नका.

आता पालकांशी थोडं स्पष्ट बोलते. स्टूल पक्कं करून द्या, ॲप उघडून द्या, एकदा दाखवा आणि मग स्वयंपाकघरात जा. खरंच जा. जवळ बसलात की तुमचा हात पुढे येणारच. "अरे असं नाही, तिरकं झालंय, दे मी करतो." तिरकं होऊ दे. फोटोत हात आला तर तो फोटो काढून टाकायचा की ठेवायचा, हे मुलाला ठरवू दे. आमच्या एका विद्यार्थ्याने मुद्दाम ठेवला. त्याच्या फिल्ममध्ये हात हा राक्षस आहे आणि झाकणं त्याला घाबरून पळतात.

फिल्म झाली की तिला संगीत लावू नका आणि लगेच स्टेटसला टाकू नका. आवाज हवाच असेल तर मुलाने तोंडाने काढावा, वाटी-चमच्याने काढावा. आणि "पुढच्या वेळी..." ने सुरू होणारं वाक्य निदान दोन दिवस गिळून टाका. हे मी स्वतःलाही सांगते आहे.

"पण बाई, हाही मोबाईलच की," असं एका आजोबांनी मला सरळ तोंडावर विचारलं. बरोबर आहे. पण चाळीस फोटो काढायला पाऊण-एक तास लागतो आणि त्यात फोनच्या पडद्याकडे मूल जेमतेम पाच मिनिटं बघतं. बाकी वेळ नजर फरशीवर, चिंचोक्यावर. शिवाय फोन बांधलेला, त्यामुळे दुसरं काही उघडताही येत नाही. आजोबांना पटलं की नाही ठाऊक नाही. त्यांनी नातवासाठी जुनी सोंगटी-कवड्यांची पिशवी मात्र काढून दिली.

खरी अडचण वेगळी आहे आणि तिच्याबद्दल आपण शिक्षक फार कमी बोलतो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. अकराच फिल्म का आल्या, याचं उत्तर त्यातच होतं. बाकीची मुलं आळशी नव्हती. रात्री आठनंतर घरी आलेला फोन चार्जिंगला लागतो आणि त्यावर भावंडांचाही हक्क असतो. म्हणून यंदा मी दोन गोष्टी केल्या. एक, रात्रीचा दिवा चांगला, हे सगळ्यांना सांगितलं, म्हणजे दिवसा फोन नाही याचं वैषम्य जरा कमी होतं. दोन, शाळेतच मधल्या सुट्टीत माझा फोन स्टुलाला बांधून तिघातिघांच्या गटाला द्यायला सुरुवात केली. एक हलवतो, एक बटण दाबतो, एक वहीत फोटोचा नंबर आणि अंतर लिहितो. दर दहा फोटोंनी कामं बदलायची. मधल्या सुट्टीत कसेबसे वीस फोटो होतात, उरलेले दुसऱ्या दिवशी. खडूच्या खुणा तोवर कुणी पुसत नाही. शिपाईमामासुद्धा तेवढी फरशी सोडून झाडतात.

आणि शेपूट हलवणाऱ्या मुलाचे वडील? त्यांच्याशी मी नंतर बोलले. थोड्या रागानेच गेले होते. ते म्हणाले, "बाई, मागच्या वर्षी पवनचक्कीचा प्रकल्प पोराने स्वतः केला होता. वाकडी होती, पण फिरत होती. तुम्ही लोकांनी नंबर दिला तो दुकानातून आणलेल्याला. मग यंदा मी रजा काढून बसलो." यावर मला बोलायला काही नव्हतं. ती पवनचक्की मला आठवली. निकाल देणाऱ्या तिघांत मीही होते.

स्टेशनरीच्या दुकानात प्रकल्प तयार मिळतात, हे आपल्याला माहीत आहे. कुठल्या फायलीतलं अक्षर ताईचं आणि कुठल्यातलं आईचं, हे आपण पान उलटताच ओळखतो. तरी गुण देतो, कारण नीटनेटकं आहे. पालकांनी त्यातून काय शिकायचं तेच शिकले. स्टॉप मोशनच्याही स्पर्धा आता सुरू होतील, काही ठिकाणी झाल्याही असतील, आणि दोन वर्षांत मुलांच्या नावावर बाबांच्या फिल्म यायला लागतील. माझं मत विचाराल तर पहिल्या फिल्मची स्पर्धा घेऊच नये. नंबर नको, प्रमाणपत्र नको. घ्यायचीच असेल तर फिल्मबरोबर ती अंतरांची वही मागा. वहीतलं अक्षर आपल्याला ओळखता येतं.

यंदाच्या सुट्टीसाठी मी फळ्यावर चारच ओळी लिहिल्या. चाळीस फोटो. संगीत नको, नाव नको. मोठ्यांनी हलवायचं नाही. हात दिसला तरी चालेल. शेवटची ओळ वाचून वर्ग हसला, कुणीतरी विचारलं, "पाय आला तर?" म्हटलं, "पाय पण चालेल."

चिंचोकेवाली आता सातवीत आहे. सातवीलाही माझा तास असतो, तिथेही मी याच ओळी लिहिल्या. ती खाली मान घालून वहीत उतरवून घेत होती, काही बोलली नाही. तिच्या मागच्या वर्षीच्या फिल्मबद्दल मी वर्गासमोर बोलायला हवं होतं, पण शब्द सापडेनात आणि तास संपला. टेबलाच्या खणात मूठभर चिंचोके आणून ठेवले आहेत. सुट्टी लागायला अजून चार दिवस आहेत.